विषय: नवीन लोकरी रगचे तंतू गळतायत आणि तुमचे लोक दोष व्हॅक्यूमला देतायत

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ता ठेवला आणि लगेच लिहायला बसले. जे काय ते आता लेखी.

तुमच्याकडून घेतलेला लोकरीचा रग, हँड टफ्टेड (म्हणजे मागच्या कापडात धागे टोचून केलेला), कट पाइल (वरच्या धाग्यांची टोकं कापलेली), ऑर्डरची सगळी माहिती तुमच्याकडे आहे. अंथरला त्या दिवसापासून गळतोय. नवीन लोकरी रग सुरुवातीला गळतो हे मला कळतं. आखूड तंतूंचं सूत असतं, वरची लव कापली की त्यातले सुटे तुकडे आतच अडकून राहतात आणि पायाखाली घासले की वर येतात, काही महिन्यांत कमी होत जातं. हे तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे ना? मग लेबलवर का नाही लिहिलं? लेबलवर एकच ओळ, 'नियमित व्हॅक्यूम करा', बास. फिरता ब्रश चालू ठेवायचा की बंद, सक्शन कमी की जास्त, कुठल्या दिशेने ओढायचं, एक अक्षर नाही.

तर लेबल सांगतं तसं नियमित व्हॅक्यूम केलं. डबा लगेच गच्च भरतो, फिल्टरवर लोकरीचा जाड थर बसतो आणि मशीन तापून आपोआप बंद पडतं. ब्रशचा रोलर बाहेर काढला तर त्याच्याभोवती लोकर गुंतवळासारखी घट्ट गुंडाळलेली, ती दोन्ही टोकांना पार बेअरिंगपर्यंत घुसलेली, कात्रीने कापून काढावी लागली, आणि बेल्टला जळका वास येत होता तो वेगळाच.

आता तुमच्या फोनबद्दल. पहिल्यांदा सांगितलं रोज व्हॅक्यूम करा म्हणजे सुटे तंतू लवकर निघून जातील. पुढच्या फोनवर दुसरे एक जण म्हणाले जास्त व्हॅक्यूम करताय म्हणूनच गळतोय. बरं, दोन्ही एकाच कंपनीचे. आणि आजच्या माणसाने तर हद्द केली. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, घरात कुत्रा-मांजर आहे का?" म्हटलं नाही. "मग घरात कोणाचे केस गळत असतील, नीट बघा ना." अहो, रग विटकरी रंगाचा आहे, तंतू विटकरी रंगाचे आहेत, आमच्या घरात विटकरी केसांचं कोणी नाही! हेही सांगितलं. तर म्हणतो, "मॅडम, चांगल्या वस्तूची सवय नसते लोकांना, थोडा वेळ लागतो." हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल, काढून ऐका. पैसे मोजून वस्तू घेतलेल्या माणसाशी असं बोलायचं? मी पाठवलेल्या फोटोंबद्दल विचारलं तर फोटो उघडलेलेच नव्हते, आणि ते उघडायच्या आत त्याने "अजून काही मदत करू शकतो का" म्हणून कॉल संपवला.

ते फोटो उघडले असते तर कळलं असतं की विषय नुसत्या गळतीचा नाहीये. फिरता ब्रश बंद करून, नुसत्या सक्शनवर, लवेच्या दिशेने हळू ओढलं तेव्हा मधल्या भागातली गळती खरंच कमी झाली (ही साधी गोष्ट तुमच्या एकाही माणसाने सांगितली नाही, मला स्वतःच शोधावी लागली). पण एका कोपऱ्यातून अजूनही अख्खे टफ्ट, म्हणजे टोचलेल्या धाग्यांचे झुपके, निघतायत, मधे वाकलेले, आणि वाकलेल्या जागी वाळलेला पिवळसर गोंद. सुटे तंतू असे नसतात. टफ्टेड रगमध्ये धाग्याला गाठ नसते, मागच्या लेटेक्सवरच, म्हणजे रबरी गोंदावरच, तो टिकून असतो, म्हणजे त्या कोपऱ्यात तुमचा लेटेक्स नीट लागलेलाच नाही. याला व्हॅक्यूम काय करणार? आणि तरी परत परत मलाच विचारतायत, व्हॅक्यूम कसं करता, किती वेळा करता, ब्रश कोणता.

तुमच्या रगबद्दल मी स्वतः लोकांना सांगितलेलं, घ्या म्हणून. आता त्यांना काय सांगू? खूप वाईट वाटतंय आणि रागही तितकाच आलाय.

मला रग बदलून हवाय किंवा पूर्ण पैसे परत. लेबलवर ब्रश बंद ठेवा आणि सुरुवातीला रग गळेल एवढं तरी छापा, म्हणजे पुढच्या माणसाचं मशीन वाचेल. आणि त्या केसांच्या प्रश्नाबद्दल माफी हवीये, तीही लेखी. या आठवड्यात उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार, निघालेले टफ्ट पिशवीत भरून ठेवलेत आणि फोटो तारखेसकट आहेत. रग गुंडाळून ठेवलाय, न्यायला माणूस कधी पाठवताय ते कळवा.