फोटोखाली एक नाव कमी आहे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हाताने घडवलेल्या सुऱ्यांवर पानभर मजकूर आला. वर्तमानपत्रात सुरी एरवी दिसते ती गुन्हेगारीच्या बातमीशेजारी, त्यामुळे पान उघडल्यावर बरं वाटलं. वरचा चार कॉलमी फोटो उत्तमच होता. खाली उजव्या कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव होतं. ते हवंच. पण ती सुरी ज्याने घडवली त्याचं नाव ना फोटोखाली, ना मजकुरात. तिथे त्याची बोळवण ‘एक हरहुन्नरी कारागीर’ एवढ्यावर केली आहे.

मी स्वतः फोटोग्राफर आहे. घड्याळं, चपला, औषधाच्या बाटल्या असल्या वस्तूंचे फोटो काढून पोट भरतो, आणि गेली नऊ वर्षं हाताने बनवलेल्या सुऱ्यांचेही काढतो. म्हणजे ज्याचं नाव छापून येतं, त्या पंगतीतला. तक्रार करायचा हक्क खरं तर माझा नाही. तरी करतोय, कारण सुरुवात मीच वाईट केली होती.

पहिली सुरी हातात आली तेव्हा तिच्या पात्यावर, धारेच्या जरा वर, एक धुरकट पट्टा दिसत होता. काचेवर फुंकर घातल्यावर उमटतो तसा. मला वाटलं तेलाचा डाग. कापडाने पुसला, जाईना. मग फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर बसून दोन तास खपून तो पट्टा साफ पुसून टाकला. पातं कसं लख्ख, गुळगुळीत, जाहिरातीतल्यासारखं! अभिमानाने फोटो पाठवले. संध्याकाळी घडवणाऱ्याचा फोन आला. बराच वेळ गप्पच. मग म्हणाला, “साहेब, पात्यावरचा ढग कुठं गेला?”

त्या ढगाला हामोन म्हणतात, हे मला त्या फोनवर कळलं. पाणी देण्याआधी पात्याला मातीचा लेप लावतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ किंवा मुळीच नाही. पातं तापवून बुडवलं की उघडी धार झटक्यात गार होते आणि कडक बनते. मातीखालची पाठ सावकाश निवते, मऊ राहते. कडक आणि मऊ जिथे भेटतात तिथे हा ढग उमटतो. बुडवताना बारीकसा ‘टिंग’ आवाज आला की संपलं, पात्याला तडा गेला असं समजायचं. या सुरीच्या आधीची दोन पाती त्याची अशीच गेली होती. तिसरं उतरलं, त्यावर ढग आला, आणि तो मी माऊसने पुसला. वर बिलही लावलं होतं.

फोटो पुन्हा काढायचे ठरले तेव्हा हा मनुष्य स्वतः आला आणि दिवसभर माझ्या शेजारी स्टुलावर बसला. प्रकाशाबद्दल त्या दिवशी जे शिकलो ते आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो. चकचकीत पात्याला स्वतःचं रूप नसतं, समोर जे असेल ते ते दाखवतं. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये पात्यावर मी होतो, पोटासकट. म्हणून पात्यासमोर ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव ताणायचा, दिवा त्याच्या मागे ठेवायचा, म्हणजे पात्याला फक्त पांढरं आभाळ दिसतं. पण नुसतं आभाळ दिलं तर पातं कापलेल्या कागदासारखं सपाट होतं. मग एका कडेने काळ्या पुठ्ठ्याची पट्टी धरायची. तिची सावली पात्यात उतरली की उतार कुठून सुरू होतो, कुठे संपतो ते उलगडतं. ती पट्टी त्यानेच धरली होती. मी कॅमेऱ्यातून बघत “जरा डावीकडे” म्हणायचो. एका जागी तो आपणहून थांबला. “आता बघा,” म्हणाला. ढग होता.

आणखी एक गोष्ट, जी बघणाऱ्याला दिसते पण कळत नाही. सगळ्या सुऱ्या आरशासारख्या घासत नाहीत. पुष्कळ जण पात्यावर बारीक सरळ रेघा ठेवतात, रेशमासारख्या. ते काम हाताने होतं. 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग 400, मग 600, मग 800. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचा एकूण एक ओरखडा निघाला पाहिजे. तो निघाला की नाही हे कळावं म्हणून दर कागदाला घासायची दिशा थोडी तिरकी बदलतात. शेवटचा हात मात्र एका दमात, मुठीकडून टोकाकडे, पुढेमागे न करता. मध्ये हात अडखळला तर रेघेच्या शेवटी गळासारखा बारीक वळसा उरतो. बाजूने प्रकाश टाकला की तो वळसा फोटोत असा उठून दिसतो की विचारू नका. परवाच एका पात्यावर मला एकही सापडला नाही. भिंग घेऊन शोधले. मग दिवा बंद करून उगीच दोन मिनिटं बसून राहिलो.

आम्ही फोटोवाले यात काय भर घालतो? घालतो थोडी, नाही असं नाही. बोटाचा ठसा राहू नये म्हणून सुती हातमोजे घालतो. साध्या कार्बन पोलादावर घामाचं बोट लागलं तर सकाळपर्यंत गंजाचा टिपका येऊ शकतो. तेल लावून ठेवलं तर फोटोत इंद्रधनुष्य दिसतं, म्हणून ते अल्कोहोलने पुसायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा तेलाचा हात फिरवायचा. आणि सुरी टेबलावरून घसरली तर हात मागे घ्यायचा, पकडायला जायचं नाही. हे मी चार टाक्यांनंतर शिकलो.

पण फोटोत न येणारं फार आहे. चांगल्या पात्याची पाठ मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे हळूहळू बारीक होत जाते. त्यामुळे सुरी हातात हलकी वाटते. समोरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही. मी आता पाठीचा फोटो वेगळा काढतो. गिऱ्हाईक विचारतं, ही काळी रेघ कसली? मुठीतल्या खिळ्यांवरून नख फिरवलं तर अडकत नाही, त्याचा फोटो कसा काढणार? अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या परीक्षेत उमेदवाराने घडवलेल्या पात्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडावा लागतो, दोन बाय चारचा लाकडी ठोकळा दोनदा तोडायचा, आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरून 90 अंशांत वाकवतात, ते तुटता कामा नये. अशी सुरी माझ्या टेबलावर आली आणि शेजारी नुसतीच छान दिसणारी ठेवली, तर माझा कॅमेरा दोघींना सारखीच माया लावेल.

ही संस्था 1976 मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम मोरन यांनी त्याआधी, 1973 साली, थरांच्या पोलादाच्या सुऱ्या एका प्रदर्शनात मांडल्या आणि अमेरिकेत ती विद्या पुन्हा रुजली. पन्नास वर्षांनंतरही सुरीवाले ही गोष्ट मोरन यांच्या नावासकट सांगतात. ‘एक हरहुन्नरी कारागीर’ म्हणत नाहीत. थरांच्या पोलादाचं निघालंच आहे तर आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. त्यातले काळे-पांढरे पट्टे दोन पोलादांचे असतात. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की साधं पोलाद काळवंडतं, निकेल असलेलं उजळ राहतं. किती वेळ बुडवायचं, किती काळं होऊ द्यायचं हे घडवणारा ठरवतो. आणि आम्ही कॉम्प्युटरवर एक बटण सरकवून त्याचं राखाडी कोळशासारखं करून टाकतो, कारण पान उठावदार दिसतं. तुमच्या फोटोतही ते झालंय असा मला संशय आहे.

तर मागणं एवढंच, की अशा फोटोखाली दोन नावं छापा. आधी घडवणाऱ्याचं, मग फोटो काढणाऱ्याचं. जागा असेल तर पोलाद कोणतं आणि मूठ कशाची तेही. ‘छाया’ म्हणून आमचं एकट्याचं नाव येतं तेव्हा खरंच लाजल्यासारखं होतं. निदान मला होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर मी आता घडवणाऱ्याचं नाव फोटोच्या फाइलच्या नावातच घालतो. तरी ते छापताना गळतं, ही गोष्ट वेगळी.

आणि जाता जाता, तो फोटो तुम्ही उलटा छापला आहे. पानाच्या मांडणीत टोक आतल्या बाजूला यावं म्हणून केलं असेल. पण ती एकाच बाजूने उतार दिलेली सुरी आहे. उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली सुरी तुमच्या पानावर डावखुऱ्याची झाली. मला शंका आली ती मुठीजवळ पात्यावर कोरलेल्या अक्षरांमुळे. आधी वाटलं कुठली तरी परकी लिपी असावी. मग दाढीचा आरसा आणला, पानासमोर धरला आणि भिंगाने पाहिलं. नाव आहे तिथे. आडनावासकट, स्वच्छ. मी ते इथे लिहीत नाही. तुम्ही वाचा, त्या माणसाला विचारा आणि पुढच्या रविवारी सुलट छापा.

आपला,
एक वाचक
(व्यवसाय : फोटोग्राफर)