रोमच्या संग्रहालयात मागे राहिलेल्यांनाही जागा द्या

प्रति,
माननीय सांस्कृतिक मंत्री,
इटली सरकार, रोम

महोदय,

मी इटलीच्या पूर्व सीमेवरच्या त्रिएस्ते शहरात राहतो. इथल्या भौतिकशास्त्र केंद्रामुळे आमच्या मराठी मंडळींची या शहरात ये-जा असते, आणि दर फेब्रुवारीत त्यांतलं कुणीतरी विचारतंच, की हा ‘स्मरण दिन’ नेमका कुणाचा? म्हणून आपल्याला इटालियनमध्ये पाठवलेलं पत्र मराठीतही देतो आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एड्रियाटिक किनाऱ्यावरचं घरदार सोडून आलेल्या इटालियनांचा हा दिवस, आणि रोममध्ये या स्मरणाचं संग्रहालय उभारायचं आपल्या सरकारने 2024 मध्ये ठरवलं. तोवर इटलीत असलेले इस्त्रिया, फ्यूमे (आजचं रियेका) आणि झारा (आजचं झादर) 1947 च्या पॅरिस तहाने युगोस्लाव्हियाकडे गेले आणि तिथून दोन ते साडेतीन लाख माणसं बाहेर पडली. आकडा कोण सांगतं त्यावर आहे. इस्त्रियातल्या एकट्या पोला शहरातून सुमारे 28 हजार गेले, त्यांतले बरेचसे ‘तोस्काना’ जहाजाने. त्यांचं सामान इथल्या जुन्या बंदरातल्या गोदामात पडून होतं. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कपाटं, शिवणयंत्रं, आणि काहींवर अजून मालकाचं नाव. हे सगळं संग्रहालयात यायलाच हवं. 1943 आणि 1945 मध्ये युगोस्लाव्ह पार्टिझनांनी ज्यांना मारून इथल्या कार्स्ट पठाराच्या विवरांत टाकलं, तेही यायला हवेत.

पण जे गेले नाहीत, त्यांचं काय?

1948 च्या युगोस्लाव्ह जनगणनेत इटालियन 79,575 होते, 1981 मध्ये 15,132 उरले. इटलीत त्यांना ‘टिटोचे’, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट नेत्याचे, ‘लोक’ म्हणून हिणवलं गेलं, तिकडे फॅसिस्टांची पिलावळ म्हणून त्यांच्यावर संशय. दोन्हीकडून मार.

त्यांच्या मुलांच्या शाळेचंच बघा. हा भाग इटलीकडे असताना मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने स्लाव्ह, म्हणजे क्रोएशियन आणि स्लोव्हेन, शाळा बंद पाडल्या आणि 1927 पासून ‘इच’ने संपणारी आडनावं छाटून इटालियन केली. (संग्रहालयाची पहिली भिंत इथूनच सुरू व्हावी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.) मग युगोस्लाव्हियाचं समाजवादी सरकार आलं. 1953 च्या सुमारास शिक्षण अधिकारी पेरुश्को यांच्या आदेशाने आडनाव स्लाव्ह वाटणाऱ्या मुलांना इटालियन शाळांतून काढून क्रोएशियन शाळांत घातलं गेलं. घरात कोणती भाषा बोलतात, याची विचारपूस नाही. एका सरकारला जे आडनाव खुपलं, तेच दुसऱ्या सरकारला पुरावा म्हणून पुरलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्रिएस्ते कुणाचं यावरून इटली आणि युगोस्लाव्हियात ताणाताणी झाली आणि फ्यूमेतल्या दुभाषी पाट्या जमावाने फोडल्या.

त्रिएस्तेजवळच्या मोनफाल्कोनेच्या इटालियन जहाजबांधणी कामगारांची गोष्ट तर कुठल्याच पक्षाला सोयीची नाही. सगळे इटलीकडे पळत असताना हे जवळपास दोन हजार जण उलट्या दिशेने, समाजवाद उभारायला, फ्यूमे आणि पोलाच्या गोद्यांत गेले. जून 1948 मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं. हे स्टालिनच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांतले काही थेट गोली ओतोक बेटावरच्या छावणीत दगड फोडायला गेले. जे परत आले, त्यांना इटलीत कामावर घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सगळंच काळं होतं असंही नाही. त्याच राजवटीने ‘ला व्होचे देल पोपोलो’ हे इटालियन दैनिक चालू ठेवलं, फ्यूमेत 1946 पासून इटालियन नाटक मंडळी पोसली, 1971 मध्ये आज स्लोव्हेनियात असलेल्या कोपरहून इटालियन दूरचित्रवाणी सुरू केली. पैसा सरकारचा, लगामही सरकारचाच. तिथल्या इटालियनांच्या संघटनेचे अध्यक्ष अंतोनियो बोर्मे हक्कांसाठी जरा जास्तच ठामपणे बोलू लागले, तेव्हा 1974 मध्ये त्यांना पदावरून घालवलं.

संग्रहालयात या लोकांसाठी एक स्वतंत्र दालन ठेवा. त्याची मांडणी रोममध्ये बसून ठरवू नका. क्रोएशियातल्या रोविन्योमध्ये याच समाजाचं ऐतिहासिक संशोधन केंद्र 1968 पासून काम करतंय, त्यांना आधी विचारा. माहितीफलक क्रोएशियन आणि स्लोव्हेन भाषांतही लावा. आणि 1953 मध्ये ज्यांना वर्गातून उठवून दुसऱ्या शाळेत नेलं, ती मुलं आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला इमारतीची वाट बघू नका, या उन्हाळ्यातच माणसं पाठवा.

आपला,
त्रिएस्तेतला एक मराठी रहिवासी