आईला बसवून ठेवू नका

डुनेडिन, न्यूझीलंड
२० जून

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न.

परवा फोनवर आईला खाटेवर पाय सोडून बसलेली पाहिली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मोरीत पडल्याला महिना होऊन गेला. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी चालायलाही सांगितलंय. तरी पाण्याचा तांब्या तुम्ही तिच्या हातात नेऊन देता. वहिनी, तुझा तिच्यावर किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. पण बसून बसून तिच्या मांड्या वाळतील, आणि मग ती खरंच पडेल.

ठेच लागली की पाय झटकन पुढे टाकून तोल सावरावा लागतो. ती झटक ज्या स्नायूंत असते, तेच म्हातारपणी आधी झिजतात. म्हणून अंगणात दोन फेऱ्या मारून भागत नाही, पायांत ताकद यावी लागते.

मी राहते त्याच गावात, इथल्या ओटागो विद्यापीठाने ८० वर्षांपुढच्या २३३ बायकांवर याचा अभ्यास केला. १९९७ साली तो छापून आला. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन घोट्याला वजन बांधून व्यायाम आणि तोल सांभाळायला शिकवलं. वर्षभरात त्या ८८ वेळा पडल्या, बाकीच्या १५२ वेळा. ८० वर्षांपुढच्या बायका, दादा! आपली आई तर ७१ची आहे.

लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात न टेकता तिला उठू-बसू दे. सुरुवातीला पाच वेळा, तेही जमेल तसं. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पुढे घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा. सोपं वाटू लागलं की वजन थोडं वाढवायचं. ते वाढवलं नाही तर ताकदही वाढत नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेजारी कुणीतरी उभं राहा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळीने उठताना गरगरतं का, तेही त्यांना विचारून घे. मोरीत धरायला दांडा लाव, शेवाळ घासून काढ.

आणि ताटात कळण्याच्या भाकरीसोबत रोज डाळ, दही असू दे.

पुढचं तिला वाचून दाखव.

माय वं, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शिवारातून तू यायचीस, मी मागे पळत असायचे. आखाजीच्या सणाला उभ्याने झोका चढवणारी तूच. श्रावणात कानबाई देवी बसेल. विसर्जनाला बोरी नदीच्या काठापर्यंत पायी जायचंय तुला. उद्यापासून खुर्चीवरून पाच वेळा ऊठ. रविवारी फोन करीन, तेव्हा माझ्यासमोर उठून दाखव.

तुझी,
ताई