निवृत्तीच्या दिवशी फाटकाबाहेर जाणारे ज्ञान

माननीय संपादक महोदय,

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात मी 31 वर्षे नोकरी केली. शाल-श्रीफळ देऊन जुन्या कारागिरांना निरोप देण्याचे कितीतरी समारंभ त्या काळात पाहिले. परंतु त्यांच्या हातातले काम कोणाच्या हाती सोपवले, हे विचारणारा अधिकारी क्वचितच भेटला.

एका ज्येष्ठ कारागिरांच्या निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा मला विसरता येत नाही. ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि कॉइल भट्टीत निर्वातात वाळवल्या की कागदाचे व प्रेसबोर्डाचे इन्सुलेशन आकसते. म्हणून हा जॉब, म्हणजे गाभा आणि कॉइलचा जोड, बाहेर काढताच कॉइल पुन्हा आवळून, हवेतला दमटपणा शोषला जाण्यापूर्वी तो टाकीत बसवावा लागतो. त्यासाठी किती वेळ घ्यावा, याचा एकच आकडा फाइलमध्ये बाराही महिन्यांसाठी लिहिलेला होता. ते गृहस्थ मात्र पावसाळ्यात नट आणि पाने आदल्या पाळीतच मांडून ठेवत आणि क्रेन मोकळी असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय भट्टीचे दार उघडू देत नसत. नव्या मुलांनी फाइलप्रमाणे दार उघडले, तेव्हा क्रेन दुसऱ्या कामात अडकली होती. इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मेगरचे रीडिंग इतके घसरले की जॉब पुन्हा भट्टीत घालावा लागला. त्या मुलांना मी दोष देत नाही.

गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीतील 7.1.6 हे कलम सांगते की, संस्थेने आपल्या कामासाठी आवश्यक असलेले ज्ञान निश्चित करावे, ते जपावे आणि लागेल तेवढे उपलब्ध करून द्यावे. आमच्याकडे या कलमाची पूर्तता शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म भरून घेऊन होत असे, तोही इंग्रजीत. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणसंस्था उभी राहिली आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला, त्या शहरात हे घडावे याचे मला फार वाईट वाटते.

शिवाय, फॉर्म मराठीत वा गुजरातीत असता तरी सगळे उतरले नसतेच. जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव-यंत्र बनवताना कणीक नीट मळली जात नव्हती. तेव्हा कंपनीतल्या इकुको तनाका यांनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे उमेदवारी केली आणि कणीक ताणता ताणता पीळ देण्याची त्याची लकब हेरली. त्यावरून यंत्राच्या भांड्यात आतून उंचवटे बसवले गेले आणि 1987 मध्ये ते यंत्र बाजारात आले.

जुनी माणसे विद्या लपवतात, अशी तक्रार व्यवस्थापक करतात. काही जण लपवतातही. पण जेथे इन्सेंटिव्ह नगावर मिळतो, तेथे शिकवण्यात घालवलेला प्रत्येक तास शिकवणाऱ्याच्या पगारातून कापला जातो, याचा विचार कोणी करत नाही. म्हणून माझी उद्योजकांना कळकळीची विनंती आहे की, निवृत्तीपूर्वी किमान सहा महिने, म्हणजे एक पूर्ण पावसाळा धरून, उत्तराधिकारी सोबत द्यावा, त्या काळात दोघांचे उत्पादनाचे लक्ष्य कमी धरावे आणि शिकवण्याच्या तासांचा मोबदला द्यावा.

वर उल्लेखिलेले कारागीर आजही शहरातल्या वाडी भागात राहतात. बोलावणे आले तर पावसाळ्यापुरते कामावर उभे राहण्याची त्यांची तयारी आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. अद्याप बोलावणे आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुपरवायझर, दांडिया बाजार, बडोदे