पालकमंत्र्यांना खुले पत्र: जुन्या कपड्यांना तालुक्यात एक खोली द्या

मा. पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा,
सविनय नमस्कार.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा राज्यभरातून मदत आली. पाणी, धान्य, चटया, सगळं उपयोगी पडलं. जुन्या कपड्यांच्या बोचक्यांचं मात्र काय करायचं ते कळेना. चिखल उपसणाऱ्या बाईनं भरजरी ड्रेस कुठे घालायचा? देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण निवडायला माणूस नव्हता, आणि कपडे भिजले की कोकणात दोन दिवसांत बुरशी धरते.

पूर नसतानाही हे चालूच असतं. चाकरमानी गणपतीला पिशव्या भरभरून कपडे आणतात. पूर्वी बोहारीण भांडी देऊन कपडे न्यायची, सुती लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. आता निम्म्याहून जास्त पॉलिस्टर! ते गोधडीत कोणी घालत नाही. पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातं, नाहीतर परसात जळतं.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र धरलेलं आहे. त्याच आवारात कपड्यांसाठी एक कोरडी खोली द्या आणि निवडायचं काम उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांना द्या, रोजंदारीवर. फुकटची सेवा म्हणून नको, हे मुद्दाम लिहिते. घालण्याजोगे कपडे वेगळे, सुती गोधडी-पिशव्यांना, उरलेले पानिपतला. तिथे चिंध्या रंगानुसार निवडून, बटणं-चेन काढून, पिंजून सूत काढतात. मदतकार्यात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांपैकी बरीच त्याच सुताची असतात. तिथवरच्या वाहतुकीचा खर्च गटांच्या माथी मारू नका, नाहीतर सगळं तिथेच अडेल.

चपला-बुटांचं अवघड आहे. रबर, फोम, कापड एकत्र चिकटवलेलं, सुटं होत नाही. निदान जोडी नाडीनं बांधूनच घ्यावी. जुन्या बुटांच्या तळांपासून शाळकरी मुलांसाठी चपला करणारी ग्रीनसोल मुंबई परिसरात आहे; त्यांच्याशी बोलणं जिल्ह्यानं करावं, एकट्या ग्रामपंचायतीला ते झेपणार नाही.

गोळा करायचं ते शिमग्यात आणि मे महिन्यात. चाकरमानी तेव्हाही येतात आणि ऊन असतं.

आणि जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात एवढं घाला: पुरानंतर पहिला आठवडा जुने कपडे घेणार नाही; नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि चादरी पाठवा.

आपली,
चिपळूण तालुक्यातील एक बचत गट कार्यकर्ती