'माइतीघर'ला परदेशी म्हणू नका

प्रति,
माननीय मंत्री, माहिती व प्रसारण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: १९६६ सालचा 'माइतीघर' हा नेपाळी चित्रपट शोधून, दुरुस्त करून दाखवण्याबाबत.

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी आहे, ती चालवणारा पोरगा नेपाळचा. गेल्या हरितालिकेला बायकोचा कडक उपास, म्हणून मी संध्याकाळी माझी सोय बघायला तिथे गेलो. त्याच्या मोबाइलवर गाणं चालू होतं. शब्द कळेनात, पण आवाज ओळखायला मराठी माणसाला शब्द कशाला लागतात?

"लताबाई?"

"हां काका. 'माइतीघर'."

"माइती म्हणजे काय रे?"

कढई हलवत तो म्हणाला, "शादी झाल्यावर तीजला बाई जाते ना, ते घर."

म्हणजे माहेर! आपली हरितालिका तीच त्यांची तीज. तिथीही एकच, भाद्रपद शुद्ध तृतीया. आपल्या बायका वाळूची पिंड पुजतात, तिकडच्या लाल साड्या नेसून पशुपतिनाथाला जातात. इतकी वर्षं गाण्यांच्या मागे लागलेला मी, मला हे साठी उलटल्यावर एका गाडीवर कळावं, याची थोडी लाजच वाटली.

घरी येऊन मग शोधाशोध केली. नेपाळ सरकारने १९६४ मध्ये 'आमा' काढला होता. त्यानंतर खासगी संस्थेने तिथे काढलेला पहिला चित्रपट म्हणजे हा 'माइतीघर'. दिग्दर्शक बी. एस. थापा. नायिका माला सिन्हा, तेव्हा हिंदीतली आघाडीची तारका आणि मुळची नेपाळी वंशाची, म्हणजे तिच्यासाठीही हे माहेरच. नायक सी. पी. लोहनी. पुढे दोघांनी लग्न केलं. भारत-नेपाळ मैत्रीच्या प्रत्येक भाषणात 'रोटी-बेटी'चं नातं येतं, ते इथे शब्दशः घडलेलं आहे.

संगीत जयदेव यांचं. हिंदीत मोजकंच काम मिळालेला आणि तरी तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला माणूस. त्यांच्याकडे या एका चित्रपटात लता, आशा आणि उषा या तीन मंगेशकर बहिणी गायल्या. शिवाय मन्ना डे, गीता दत्त. तिकडचे नारायण गोपाल, प्रेमध्वज प्रधान आणि दार्जिलिंगच्या अरुणा लामा. लताबाईंच्या गाण्याचे शब्द खुद्द नेपाळचे राजे महेंद्र यांचे, म. वी. वि. शाह या टोपणनावाने ते कविता करत. राजाने गीत लिहावं आणि मास्टर दीनानाथांच्या मुलीने ते गावं, असा योग पुन्हा कधी जुळायचा?

आता कामाचं. माझा मोबाइलवरचा अनुभव असा, की गाणी ऐकू येतात, पण चित्र पावसात भिजल्यासारखं दिसतं. त्या काळच्या फिती बहुतेक ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या. दमट हवेत त्या सडू लागल्या की डब्याला व्हिनेगरचा वास सुटतो, फीत आक्रसते, वाकडी होते. एकदा आक्रसलेली फीत पुन्हा सरळ होत नाही, म्हणून ही घाई. गाडीवरच्या व्हिनेगरच्या बाटलीकडे पाहिलं की हल्ली मला तेच डबे दिसतात.

पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्या खात्याची चित्रपट वारसा मोहीमही आहे. पण फाइल कशी फिरते हे मी नोकरीत पुरेपूर पाहिलंय. कोणीतरी समासात लिहील, 'सदर चित्रपट परदेशी भाषेतील असल्याने…' आणि विषय संपेल. म्हणून आधीच सांगतो: नेपाळी ही १९९२ पासून आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. कोकणी आणि मणिपुरीबरोबर, एकाच दुरुस्तीने आलेली. ज्या भाषेला घटनेत जागा आहे, तिला संग्रहालयाच्या कपाटात नको का?

नेपाळच्या चलचित्र विकास बोर्डाला पत्र जाऊ द्या. मुंबईतल्या जुन्या प्रयोगशाळांची गोदामं आणि कोलकात्यातल्या खासगी संग्राहकांचे माळे धुंडाळायला माणसं पाठवा. हक्क ज्यांचे असतील त्यांच्याशी सन्मानाने बोला. आणि मराठी उपशीर्षकं द्या. आम्हाला भाषा निम्मी कळेलही, पण उरलेल्या निम्म्यात गोष्ट असते.

पहिला खेळ हरितालिकेला, पुण्यात ठेवा. दुपारचा ठेवलात तर बरं, कारण रात्री बायकांचं जागरण असतं. गाडीवाल्याला मी विचारून ठेवलंय. त्या दिवशी गाडी बंद ठेवून येतो म्हणालाय, तिकीट मी काढणार आहे.

कळावे,
लॉ कॉलेज रस्त्याजवळ राहणारा एक निवृत्त कारकून, पुणे