निमंत्रणाला उत्तर देण्याची रीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आहेर, मानपान आणि अन्नाची नासाडी या विषयांवर वाचकांची पत्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात. या चर्चेत सहसा न येणाऱ्या एका गोष्टीविषयी मला लिहायचे आहे. आलेल्या निमंत्रणाला आपण उत्तर देत नाही, ही ती गोष्ट. तिचे गांभीर्य मला पुण्यात राहून कधीच जाणवले नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानमधील ओकायामा शहरात एका मैत्रिणीच्या लग्नाला परदेशी पाहुणी म्हणून गेले, तेव्हा ते जाणवले.

ही मैत्रीण चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होती आणि मी त्याच कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. वयाने ती माझ्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून मला ‘ताई’ म्हणू लागली. ती मूळची ओकायामाची. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे आपले पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिच्या गावच्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. घरची फार आठवण आली की ती रविवारी तिथे जाऊन बसत असे आणि पुष्कळदा मीही तिच्याबरोबर जात असे. तीन वर्षांनी ती मायदेशी परतली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस टपालाने तिच्या लग्नाची पत्रिका आली.

पत्रिका जाड, पांढऱ्या कागदाची होती. आमच्या सोसायटीत जपानी शिकणारी एक मुलगी आहे, तिने ती मला वाचून दाखवली. संपूर्ण मजकुरात एकही स्वल्पविराम किंवा पूर्णविराम नव्हता, कारण ही चिन्हे थांबणे आणि संपणे दाखवतात आणि मंगल पत्रिकेत ती टाळण्याची तिकडे रीत आहे. पत्रिकेसोबत एक छापील पोस्टकार्ड होते, त्यावर परतीचा पत्ता होता आणि टपालाचे तिकीटसुद्धा आधीच लावलेले होते. ‘उपस्थित राहणार’ आणि ‘उपस्थित राहणार नाही’ यांपैकी एकावर खूण करायची, आपले नाव-पत्ता लिहायचा, काही पथ्य असेल तर तेही लिहायचे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत ते परत पाठवायचे. यातली एक बारीक गोष्ट माझ्या मनात राहिली. यजमान पाहुण्याला मान देतात म्हणून ‘उपस्थिती’ आणि ‘नाव’ या शब्दांआधी आदरार्थी अक्षर छापलेले असते, आणि उत्तर देणाऱ्याने स्वतःपुरते ते अक्षर दोन सरळ रेघा मारून खोडायचे असते. त्या मुलीने मला पट्टी धरून रेघा मारायला लावल्या.

पण हे सारे झाले सप्टेंबर संपताना. त्याआधी महिनाभर ते कार्ड आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात पडून होते. जपानी तिकीट पुण्याहून चालणार नाही, आपले तिकीट किती रुपयांचे लागेल, रजा मिळेल का, विमानाचे भाडे परवडेल का, असे करत मी दिवस ढकलत होते. आपण काही चूक करतो आहोत असे मला मुळीच वाटत नव्हते. आपल्याकडे पत्रिका आली की ती देवापुढे ठेवायची, तारीख लक्षात ठेवायची आणि जमले तर जायचे. उत्तराची कोणी वाट पाहत असेल, हे आपल्या कल्पनेतच नसते. शेवटी तिचाच फोन आला आणि तिने मराठीतच विचारले, “ताई, तुम्ही येणार ना? हो किंवा नाही, दोन्ही चालेल, पण सांगा.”

मी ‘हो’ म्हणाले, कार्ड भरले आणि पाठवले. त्यानंतर दहा दिवसांनी, मुदत उलटून गेल्यावर, मी तिला कळवले की माझे यजमानही येऊ म्हणतात. पत्रिका फक्त माझ्या नावाने होती. ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द लहानपणापासून प्रत्येक पत्रिकेत वाचत आल्यामुळे मला त्यात काहीच वावगे दिसले नाही. ती लगेच म्हणाली, “आनंदाने या.” या दोन शब्दांमागे तिला काय करावे लागले, ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळले.

तिकडच्या आहेराला गोशूगी म्हणतात. मैत्रीण एकटी जात असेल तर साधारण ३०,००० येन, म्हणजे आपले सोळा-सतरा हजार रुपये, आणि नवरा-बायको दोघे जात असतील तर ५०,००० येन द्यायचे. रकमेचा पहिला आकडा विषम हवा, कारण सम आकड्याचे दोन सारखे भाग होतात आणि लग्नात ते अशुभ मानतात. आपण ५०१ रुपयांचे पाकीट करतो, त्या वरच्या रुपयामागची समजूत याच्या फार जवळची आहे. नोटा कोऱ्या हव्यात, त्यासाठी लोक मुद्दाम बँकेतून नव्या नोटा आणतात. जुलै २०२४ पासून दहा हजारांच्या नोटेवर उद्योजक शिबुसावा एइइची यांचे चित्र आले आहे. ते चित्र पाकिटात दर्शनी बाजूला येईल अशा बेताने नोटा ठेवतात. पाकिटावर कागदी दोऱ्यांची गाठ असते, आणि लग्नासाठी न सुटणारी गाठच घ्यावी लागते. ओढली की सुटणारी फुलपाखरी गाठ बाळाच्या जन्मासारख्या, पुन्हा पुन्हा याव्या अशा आनंदासाठी असते. आतल्या पाकिटावर रक्कम नेहमीच्या अंकांत न लिहिता, खाडाखोड करता येणार नाही अशा जुन्या, किचकट अक्षरांत लिहितात. रोज धनादेशावर ‘अक्षरी रुपये’ लिहिणाऱ्या माझ्यासारखीला ही पद्धत लगेच आपलीशी वाटली. सभागृहाच्या दाराशी वधूच्या दोन मैत्रिणी वही घेऊन बसल्या होत्या. रेशमी रुमालातून पाकीट काढून दोन्ही हातांनी त्यांना देताना मला आमच्या गावाकडच्या मांडवात आहेराची वही घेऊन बसणारे काका आठवले.

शब्दांचीही अशीच काळजी घेतात. शुभेच्छांमध्ये तुटणे, वेगळे होणे, संपणे हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. समारंभ ‘संपला’ असेही म्हणायचे नाही, ‘उघडला’ या अर्थाचा शब्द वापरायचा. मला हे समजावून सांगावे लागले नाही. आपण बांगडी फुटली न म्हणता ‘वाढवली’ म्हणतो, निरोप घेताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो आणि दिवा विझवत नाही, मालवतो. इतक्या दूरच्या देशात माझ्या आजीचे बोलणे असे भेटेल, असे मला वाटले नव्हते.

लग्न शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात झाले. प्रत्यक्ष विधीला केवळ नातेवाईक आत बसतात, म्हणून आम्ही अंगणातून वरात पाहिली. पुढे पुजारी, मागे लाल रंगाच्या मोठ्या छत्रीखाली पायघोळ पांढऱ्या किमोनोतली वधू. नोव्हेंबरात तिकडे तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवदर्शनाला आणतात, त्यामुळे अंगण सजलेल्या लेकरांनी भरले होते आणि ती सगळी वधूकडे टक लावून पाहत होती. आत वधूवर तीन पेल्यांतून साके या तांदळाच्या मद्याचे तीन-तीन घोट घेतात, एवढे मैत्रिणीने मला आधी सांगून ठेवले होते. हा सोहळा अनादी काळापासून असाच चालत आला असावा असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात देवळात लग्न लावण्याची ही पद्धत १९०० साली युवराज योशिहितो यांच्या विवाहानंतर लोकांत रूढ झाली. त्याआधी लग्ने बहुधा घरीच होत.

खरी शिकवण मला मेजवानीत मिळाली. दाराशी प्रत्येकाच्या हाती बसण्याच्या जागांचा छापील तक्ता दिला होता. साठ माणसे, प्रत्येकाचे नाव, त्यापुढे आदरार्थी अक्षर, आणि ‘वधूची मैत्रीण’, ‘वराचे वरिष्ठ’ असे नाते. वधूवरांच्या सर्वांत जवळची मेजे वरिष्ठांची आणि मित्रांची होती. आईवडील सर्वांत लांब, दाराजवळच्या मेजावर बसले होते आणि तक्त्यात त्यांच्या नावापुढे आदरार्थी अक्षर नव्हते, कारण ते यजमान. आपल्याकडेही वधूचे आईवडील सगळ्या पंगती उठल्यावर शेवटच्या पंगतीला बसत, त्यामागे हीच भावना होती. माझ्या ताटाजवळ माझ्या नावाची दुमडलेली चिठ्ठी होती. ती उघडली तर आत देवनागरीत लिहिले होते: “ताई, इतक्या लांबून आलात. सिंहगड रस्त्यावरची बाग आठवते.” शिरोरेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. अशा साठ चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. मी कार्डावर शाकाहारी असल्याचे लिहिले होते. तिकडे बहुतेक रश्शांच्या मुळाशी सुक्या माशाचा अर्क असतो. माझ्यासाठी आणि माझ्या यजमानांसाठी तो टाळून समुद्री शेवाळाच्या अर्कात वेगळे सूप केले होते. अडीच तासांत सारे आटोपले आणि निघताना वधूवर आणि दोघांचे आईवडील दारात उभे राहून एकेका पाहुण्याला कमरेत वाकून निरोप देत होते. हातात परतीच्या आहेराची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने बोलता बोलता सांगितले की माझे यजमान येणार हे कळले तेव्हा जागांचा तक्ता छापायला गेलेला होता. आमच्या मेजावर सहाच जण बसू शकत होते. एका माणसासाठी दोन मेजांची मांडणी बदलली, वराच्या एका मित्राला दुसरीकडे हलवले, त्याची दिलगिरी व्यक्त करणारा फोन केला आणि सगळे तक्ते पुन्हा छापून घेतले. बहिणीच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र त्या क्षणी अतिशय वाईट वाटले आणि अजूनही वाटते. मैत्रिणीचे महिन्याभराचे कष्ट मी माझ्या गैरसमजुतीने वाढवले होते, आणि ती मला एका शब्दाने बोलली नव्हती.

परत आल्यावर गेल्या वैशाखात पुण्यात माझ्या भाचीचे लग्न झाले. पत्रिका व्हॉट्सअॅपवर साडेतीनशे घरी गेल्या. उत्तरादाखल हात जोडलेली आणि फुलांची चित्रे भरपूर आली. येणार की नाही, हे वीस-पंचवीस जणांनीच लिहिले. कार्यालयाच्या स्वयंपाकी ठेकेदाराला ताटांचा आकडा आठ दिवस आधी द्यावा लागतो आणि पैसे त्या आकड्याप्रमाणे भरावे लागतात. माझ्या बहिणीने अंदाजाने पाचशे ताटे सांगितली. प्रत्यक्षात साडेतीनशे उठली. दुपारी चार वाजता ती मुलीच्या पाठवणीच्या तयारीत असायला हवी होती. त्याऐवजी ती मसालेभाताची पातेली आणि श्रीखंडाचे डबे कोण घेऊन जाईल, म्हणून वसतिगृहांना फोन लावत कोपऱ्यात उभी होती.

आपल्या रीतीत काही खोट आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या काळात लग्न दारातल्या मांडवात होई, आचारी घरचाच असे आणि पंगतीमागून पंगत उठे, त्या काळात कोण किती येणार हे विचारणे हाच पाहुण्याचा अपमान ठरला असता. आयत्या वेळी दहा माणसे वाढली तर भात पुन्हा टाकता येत होता. ते औदार्य मला प्रिय आहे आणि जपानी मेजवानीतल्या आखीव जागांपेक्षा मी त्याच पंगतीत अधिक मोकळी बसते. परंतु आज मांडव उरलेला नाही. दर ताटामागे दर ठरलेला आहे, आकडा आधी द्यायचा आहे, आणि पाहुण्यांची सवय मात्र मांडवाच्या काळातली राहिली आहे. रीती बदलू शकतात, हे त्या देवळातल्या लग्नाने मला दाखवले आहे.

यात अडचण आळसापेक्षा भिडेची अधिक आहे. ‘नाही’ म्हटले तर समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून आपण ‘बघते’, ‘जमवते’, ‘प्रयत्न करते’ असे म्हणतो, आणि समोरचाही तो ‘हो’ आहे की ‘नाही’ हे विचारायला संकोचतो. म्हणून सुरुवात यजमानांनी करावी असे मला वाटते. ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ या ओळीखाली, ‘आपण किती जण येणार, हे अमुक तारखेपर्यंत कृपया कळवावे, येणे जमणार नसेल तरी कळवावे’ अशी एक ओळ छापावी, खाली दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि आलेल्या नकाराचा राग मानू नये. पाहुण्यांनी त्या तारखेच्या आत उत्तर द्यावे. आणि आता अनेक घरांतील मुले परदेशात असल्यामुळे तिकडच्या मित्रमैत्रिणींच्या लग्नांची बोलावणी आपल्या घरी येऊ लागली आहेत. त्यांतले नाव नीट पाहावे, ज्याचे नाव आहे त्याचेच ते निमंत्रण समजावे आणि आहेराची, पोशाखाची रीत आधी विचारून घ्यावी. जपानी लग्नात पाहुण्या बाईने पांढरे नेसू नये, तो रंग वधूचा, हे मला मैत्रिणीने वेळेवर सांगितले नसते तर मी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून गेले असते.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या तीन पत्रिका सध्या माझ्याकडे आल्या आहेत. दोन घरी आम्ही दोघे येतो असे मी त्याच दिवशी लिहून कळवले. तिसऱ्या घरी, नाशिकला, त्या तारखेला येणे शक्य नव्हते. तसे स्पष्ट कळवताना माझा हात थोडा अडखळला. संध्याकाळी वधूच्या आईचा फोन आला. मला वाटले, त्यांना राग आला असावा. त्या म्हणाल्या, “बरे झाले सांगितलेत. निदान एका घराचा तरी हिशेब लागला.”

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे